चौगल्यांचा ठिपका पाण्यात

आकाराम चौगले, म्हणजे घरातले आप्पा, एका सकाळी कोथिंबिरीची पेंडी आणायला बाहेर पडले ते दुपारची ताटं धुऊन झाल्यावर परत आले. पेंडी हातात होती, पण तिची दशा अशी होती, की आमटीत घालण्यापेक्षा पुरावा म्हणून जपून ठेवावी.

"वाट चुकलात का आप्पा?" विजयसिंहनं विचारलं.

"चुकतोय कशाला? बदलली हुती," आप्पा म्हणाले आणि वाढायला सांगून पाटावर बसले.

वाट बदलून ते कुठं गेले होते, हे कुणाला कळलं नाही. ऐंशीला टेकलेला माणूस, कोल्हापुरात त्याची निम्मी हयात गेलेली. दूध संघाच्या संकलन केंद्रावर नोकरी करताना ते पहाटे डोळे मिटूनही घरी येत. पण आता विस्मरण जरा वाढलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी शेजारच्या अपार्टमेंटमध्ये जाऊन तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली होती आणि दार उघडणाऱ्या बाईला "तुमी आमच्या घरात काय करताय?" असं विचारलं होतं. त्यामुळं आप्पांचं काहीतरी करायला हवं, यावर घरात एकमत झालं. आणि काहीतरी करायचं म्हणजे ते विजयसिंहनं करायचं, यावर तर ते आधीपासूनच होतं.

विजयसिंह चौगले विमा कंपनीच्या शाखेत अधिकारी. पन्नाशी ओलांडलेला, कुणाला त्रास न देणारा माणूस. असा माणूस दिसला की जगाला त्रास द्यायची आठवण होते. अपार्टमेंटचा सेक्रेटरी तोच होता, कारण ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला तो एकटाच वेळेवर गेला होता. गिझर, गॅसचा नंबर, टाकीचा बॉल-कॉक, मेव्हण्याच्या मुलीचं प्रवेशाचं काम, सगळं त्याच्याकडं होतं. यात त्याची तक्रार नव्हती. तक्रार करायला वेळ लागतो.

सल्ले मात्र न मागता आले. पहिल्या मजल्यावरच्या वर्षाराणी वहिनी म्हणाल्या, "गळ्यात पट्टी घाला आणि तिच्यावर फोन नंबर लिहा. आमच्या ब्रूनोला तसंच केलंय. दोनदा हरवला, दोनदा लोकांनी आणून सोडला."

आप्पा जिन्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "लोढणं अडकवायला मी काय वढाळ म्हस हाय व्हय?"

शेवटी तोडगा पुण्याहून आला. विजयसिंहची मुलगी तेजस्वी तिथं नोकरीला होती. माणूस कुठं आहे हे फोनवर दाखवणारं मनगटी घड्याळ तिनं मागवून दिलं. एकावर एक फुकट असल्यामुळं घड्याळं दोन आली. घरात फुकट आलेली वस्तू वाया गेली असं चौगल्यांच्या सात पिढ्यांत झालेलं नव्हतं.

"मी घालतो," आप्पा म्हणाले. "पर दुसरं ह्यानं घालायचं."

"मी कशाला?"

"मग मी तरी कशाला?"

हे बोलणं सगळ्यांना न्यायाचं वाटलं. विजयसिंहला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

घड्याळांना सिमकार्ड लागत होतं. दुकानात आप्पांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेना. जन्मभर दुधाचे कॅन उचलून त्या अंगठ्यावर रेषा म्हणून शिल्लक नव्हती. मग दुकानातली मुलगी म्हणाली, चेहऱ्यावरून ओळख पटवू, कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकावा. आप्पांनी नकार दिला. "परक्या पोरीफुडं डोळा मारू व्हय ह्या वयात?" त्यांना समजावून डोळे मिटायला लावले, तर ते उघडेनात, आणि उघडले तेव्हा यंत्राचा वेळ संपला होता. त्यानंतर आधार कार्डावर आकाराम आणि मतदार यादीत अकाराम असल्याचा शोध लागला. एका कान्यासाठी कोणता कागद कुठून आणायचा हे ऐकता ऐकता विजयसिंहनं स्वतःचाच अंगठा पुढं केला. दोन्ही सिमकार्डं त्याच्या नावावर निघाली. खिशातला फोन धरला तर कागदोपत्री आता शहरात तीन विजयसिंह चौगले हिंडत होते आणि त्यांतला एकही मोकळा नव्हता.

घड्याळ घरात चालेना. "आकाश दिसायला हवं," असं तिसऱ्या मजल्यावरचे प्रसेनजीत कांबळे सर म्हणाले. सर कॉलेजात फिजिक्स शिकवत. सुट्टीच्या दिवशी त्यांना विद्यार्थी मिळत नसल्यामुळं ते थोडे उदास असत. त्यांनी आप्पांना गच्चीवर नेलं, हात वर करायला लावला आणि घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत तसंच उभं राहायला सांगितलं. पहिल्या खेपेला वेळ लागतो म्हणे. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. आप्पा कुणाला तरी शरण गेल्यासारखे दिसत होते.

"आप्पा, वर उपग्रह फिरतायत," सरांनी सुरुवात केली. "प्रत्येकात अगदी बिनचूक घड्याळ आहे. तो सारखा हाका मारत असतो, की मी इथं आहे आणि माझ्याकडं आत्ता इतके वाजलेत. ती हाक तुमच्या मनगटापर्यंत यायला किंचित उशीर होतो. तो उशीर मोजला की उपग्रह किती लांब आहे ते कळतं."

"ईज चमकल्यावर गडगडाट किती येळानं येतोय त्याच्यावरनं सांगत्यात तसं."

"अगदी तसंच," सर हरखून म्हणाले.

"मग एकानं भागतंय की."

"एकानं नुसतं अंतर कळतं. तेवढ्या अंतरावर तुम्ही कुठंही असू शकता. दोघांनी सांगितलं की जागा थोडी आवळते, तिघांनी सांगितलं की जवळजवळ ठरते. पण तुमच्या हातातलं घड्याळ स्वस्तातलं, जरा पुढंमागं असणारच. ती चूक काढायला चौथा लागतो."

"म्हंजे चौघांनी सांगितल्याबिगर मी कुठं हाय ते ठरत न्हाय."

"बरोबर."

"ह्ये सोसायटीच्या मिटिंगसारकं हाय," आप्पा विजयसिंहकडं बघून म्हणाले. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभा त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या.

तेवढ्यात घड्याळ किणकिणलं आणि फोनवर नकाशा उघडला. नकाशात त्यांची इमारत, तिच्यावर एक निळा ठिपका आणि ठिपक्याला चिकटलेला छोटा बाण.

"आनि ह्यो बाण?" आप्पांनी विचारलं.

"तो बाण महत्त्वाचा," सर म्हणाले. "तो होकायंत्रासारखा नसतो, एवढं ध्यानात ठेवा. तो बाण..."

खालून कुणीतरी पाणी आल्याचं ओरडलं. गच्ची रिकामी झाली. कोल्हापुरात नळाला पाणी आल्यावर विज्ञान थांबतं. सर स्वतःच सर्वांच्या पुढं धावले.

पुढच्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. आपण कुठं आहोत हे लोकांना कळण्यात आप्पांना काही रस नव्हता. लोक कुठं आहेत हे आपल्याला कळण्यात मात्र भलताच होता. तेजस्वीनं तो नकाशा घरातल्या सगळ्या फोनवर टाकून दिला होता. आप्पा कोचावर बसून मुलाचा ठिपका बघत आणि संध्याकाळी तो बूट काढत असताना त्याची उजळणी घेत.

"दसरा चौकात लय येळ थांबला हुतास."

"सिग्नल होता आप्पा."

"फुडं शाहूपुरीत एकाच गल्लीत दोनदा शिरलास."

"एकेरी वाहतूक आहे."

संयोगिता, म्हणजे विजयसिंहची बायको, हिनं त्या ठिपक्याचा उपयोग अधिक विधायक कामासाठी केला. ती फोन करे, "राजारामपुरीत आहातच, तर येताना इस्त्रीचे कपडे घेऊन या." किंवा, "तुम्ही चक्कीच्या दारातूनच चाललाय, दळण तयार आहे." माणूस कुठं आहे हे कळलं, की त्याला काय काम सांगावं हे आपसूक सुचतं. मग वर्षाराणी वहिनीही संयोगिताला विचारू लागल्या, की भाऊजी आत्ता कुठल्या बाजूला आहेत, तिकडं ब्रूनोचं खाणं मिळतं. घड्याळ आप्पांसाठी घेतलेलं, पण दमून घरी येऊ लागला विजयसिंह.

आता त्याच्या बुधवारबद्दल सांगायला हवं. बुधवारी तो अपघातात सापडलेल्या गाड्यांची पाहणी करायला बाहेर जाई. पाहणी लवकर आटपे. मग तो स्कूटर रंकाळ्याकडं वळवी आणि गर्दीपासून लांब, काठालगतच्या एका बाकावर जाऊन बसे. बाकामागं उंच कंपाउंडची भिंत होती, तिच्यापलीकडं काचा लावलेली नवी बहुमजली इमारत आणि डोक्यावर पिंपळाचा गच्च पाला. तिथं तो काय करी? काही नाही. चिंतन वगैरे तर नाहीच. फोन मुका करून खिशात घाली, पाय लांब करी आणि पाण्याकडं बघे. पाणीही त्याला काही काम सांगत नसे. ऑफिस सुटायच्या सुमारास उठून तो घरी येई. घरी त्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

घड्याळ आल्यानंतरचा पहिला बुधवार आला तेव्हा तो थोडा घुटमळला. घड्याळ काढावं, तर हातातून निघताक्षणी ते सगळ्या घराला ओरडून सांगे. तेजस्वीनं तशी सोय करून दिली होती. पण दुपारी आप्पा झोपतात, संयोगिता मालिकेत असते, कोण बघतंय? तो गेला. बसला. पिंपळाखाली वारा होता. त्याचे डोळे मिटले.

पुढं घरी काय झालं ते त्याला नंतर इतक्या तोंडांतून ऐकावं लागलं, की आपण तिथं हजर होतो असंच त्याला वाटू लागलं. वीज गेली, पंखा थांबला, आप्पा घामाघूम होऊन उठले. सवयीनं फोन उघडला. ठिपका निळ्या रंगावर होता.

"संयोगिता," त्यांनी हाक मारली, "इजू पाण्यात हाय."

"आज पाण्याचा दिवस नाही आप्पा," ती आतून म्हणाली.

"नळाच्या न्हवं. रंकाळ्याच्या."

ती हात पुसत आली. ठिपका काठापासून आत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो आणखी थोडा आत सरकला, मग परत फिरला. आणि बाण आधी पलीकडच्या काठाकडं झाला, मग इकडं, मग खाली, मग वर, आणि असाच गोल गोल फिरत राहिला.

आप्पांनी फोन तिच्यापुढं धरला. "गरगर फिरतोय. गटांगळ्या खातोय पोरगं."

तिनं विजयसिंहला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग ऑफिसला लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "साहेब पाहणीला गेलेत वहिनी. पण ती तर दुपारीच संपते. बुधवारी ते परत येत नाहीत."

"बुधवारी म्हणजे आज?"

"दर बुधवारी," क्लार्क म्हणाला. तो प्रामाणिक मुलगा होता. प्रामाणिक माणसांनी फोन उचलू नयेत.

बाकावर विजयसिंहला जाग आली ती गलक्यानं. काठावर थोड्या अंतरावर माणसं जमली होती आणि सगळी तळ्याकडं बघत होती. तळ्यात सहलीच्या लोकांसाठीची हंसाच्या आकाराची पायडलची बोट चालली होती. हंसाच्या मानेमागं टोपी घातलेला, अंगात केशरी लाइफ जॅकेट चढवलेला एक म्हातारा एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं बोटवाल्याला वाट दाखवत होता. वाट सारखी बदलत होती. हंस एकाच जागी गोल फिरत होता.

ते आप्पा होते.

विजयसिंह ताडकन उठला. म्हातारा माणूस, डोक्यात काय घेऊन पाण्यात उतरला असेल कुणास ठाऊक. त्यानं खिशातून फोन काढला. त्यावर न उचललेल्या फोनांची रांग लागली होती. नकाशा उघडला, तर आप्पांचा ठिपका बरोब्बर तळ्यात. घड्याळ खरं बोलत होतं. तो पळत गर्दीत शिरला.

"काय झालंय?" त्यानं एकाला विचारलं.

"माणूस बुडालाय."

"बुडाला कुठं? तो तर बोटीत बसलाय."

"त्यो न्हवं. त्यो बाप हाय त्याचा. पोरगा बुडालाय. चौगले म्हणून हाय कोणतरी, विम्यात."

अशा वेळी काय बोलावं याचा विजयसिंहला अनुभव नव्हता.

"दर बुधवारी यायचा म्हणं हितं," दुसरा म्हणाला. "एकटाच बसायचा. घरात जाच असणार."

"दिसायला कसा हुता?" तिसऱ्यानं विचारलं.

"दिसायला काय, असाच," पहिल्यानं विजयसिंहकडं हात केला. "ह्या पावण्यासारका. गर्दीत ध्यानात ऱ्हायचा न्हाय असा."

आपल्या मरणाची बातमी ऐकून माणसाला दुःख होईल, भीती वाटेल, एखाद्याला हसूही येईल. विजयसिंहचा अपमान झाला. पण तो गिळून पाण्याकडं तोंड करून त्यानं हाक दिली, "आप्पा, मी इथं आहे."

"ओ पावणं, मागं सरा," गर्दी आवरणारे हवालदार त्याच्या दंडाला धरून म्हणाले. "घरच्या लोकांना बघू द्या."

"मी घरचाच आहे."

"कोन लागता त्यांचे?"

"मीच तो. बुडालेला."

हवालदारांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. तो कोरडा होता. तेवढ्यात वर्षाराणी वहिनींच्या गाडीजवळ उभ्या असलेल्या संयोगिताला तो दिसला. ती चालत आली, धावत नाही. जवळ येऊन तिनं त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघितली. मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच तिनं विचारलं, "दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही."

"मग कशाला?"

तोवर हंस काठाला लागला. आप्पा बोटीतून उतरले, ओल्या पायानं त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि आधी फोनकडं, मग त्याच्याकडं, मग परत फोनकडं बघितलं. फोनवर तो अजून पाण्यात होता.

"ह्ये खोटं बोलतंय," आप्पा म्हणाले आणि बाजूच्या कठड्यावर मटकन बसले.

कांबळे सर गर्दीतून पुढं आले. ते वहिनींच्या गाडीतून आले होते आणि त्यांचं त्या दिवशीचं वाक्य अर्धवट राहिलेलं होतं. "आप्पा, मी तेच सांगत होतो. मागं भिंत, वर झाड, पलीकडं काचेची इमारत. उपग्रहाची हाक सरळ येईना, ती काचेवर आपटून आली. वाट लांबली की घड्याळाला वाटतं उपग्रहच लांब आहे, आणि ते माणसाला तेवढं सरकवून ठेवतं. तसं सरकवताना हे नकाशावर पाण्यात पडले."

"आनि बाण गरगर फिरत हुता त्यो?"

"माणूस चालत असेल तरच त्याला दिशा असते. मघाची जागा आणि आत्ताची जागा यांच्यावरून घड्याळ बाण काढतं. माणूस बसला, की जागा चुकीनंच थोडी थोडी हलल्यासारखी दिसते आणि बाण त्या चुकीच्या मागं फिरत राहतो. बसलेल्या माणसाचं तोंड कुठं आहे हे त्याला कळूच शकत नाही."

सरांनी घड्याळाबद्दलच बोलावं, उगाच वैयक्तिक होऊ नये, असं विजयसिंहला वाटून गेलं.

माणूस सापडला म्हणून प्रकरण संपलं असं नव्हतं. वर्दी दिलेली होती, बोट काढलेली होती, तेव्हा जबाब हवा. सगळे चौकीवर गेले. हवालदार स्वभावानं मऊ होते. त्यांनी पाणी मागवलं, पंखा विजयसिंहकडं वळवला आणि खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात विचारलं, "साहेब, मनात वेडंवाकडं काय न्हाय ना? असलं तर बोला. आमी हितं रोज बघतोय."

"तसं काही नाही."

"घरात काय तरास?"

घर समोरच्या बाकड्यावर ओळीनं बसलं होतं. "नाही," तो म्हणाला.

"मग तिथं कशासाठी बसला हुता?"

"असाच."

"असाच लिवता येत न्हाय," हवालदार खेदानं म्हणाले. "कागद वर गेला की इचारत्यात. कारण पायजे."

"चक्कर आली लिहा," वर्षाराणी वहिनी दारातून म्हणाल्या.

"मग डॉक्टरचा दाखला लागंल."

"निसर्गनिरीक्षण," कांबळे सरांनी सुचवलं.

"झोप लागल्ती त्यांना. झोपून कसलं निरीक्षण?"

विजयसिंहला सहज काहीतरी सांगता आलं असतं. ग्राहकाची वाट बघत होतो, स्कूटर तापली होती. लोकांना पटेल असं कारण देण्यातच त्याच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती, इतरांचे दावे मंजूर होतील अशी कारणं तो रोज कागदावर आणून देई. पण आज तसलं कारण द्यायला त्याचं मन घेईना. संयोगिता त्याच्याकडं बघत होती. "मला सांगितलं असतंत तर मी नको म्हटलं असतं का?" ती हळूच म्हणाली. नसतं म्हटलं, हे त्याला माहीत होतं. तीही आली असती, येताना वाटाणा सोलायला घेऊन आली असती आणि येता येता दळण टाकू म्हणाली असती. ती वाईट नव्हती. कुणीच वाईट नव्हतं. हेच कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला कळेना.

"लिवा की," आप्पा म्हणाले.

हवालदारांनी मान वळवली. "काय लिवू बाबा?"

"दमला हुता, म्हणून बसला हुता."

हवालदारांनी पेन खाली ठेवून आप्पांकडं बघितलं.

"मी रोज बघतोय ह्याच्यावर," आप्पांनी फोन टेबलावर ठेवला. "सकाळी भायेर पडल्यापास्नं ठिपका एका जागी टिकत न्हाय. हिकडं कपडे, तिकडं दळण, मागारी आपिस, परत कुणाचं तरी काय तरी. म्हशीलासुदिक दुपारचं सावलीला बांधत्यात. मला वाटलं यंत्र बिघडलंय. माणूस एवढा फिरंल कशाला? यंत्र ठीक हुतं."

संयोगितानं पदर तोंडाला लावला. वहिनींना दारातून आत यावं की बाहेर जावं ते समजेना, म्हणून त्या मोबाइलमध्ये बघू लागल्या. हवालदारांनी पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग एका दमात लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं, "सदर इसम दमल्यामुळे सावलीला बसले होते. कोणाविरुद्ध तक्रार नाही."

विजयसिंहनं सही केली. एवढं खरं निवेदन त्यानं आजवर कुठल्याच कागदावर वाचलं नव्हतं. साक्षीदार म्हणून आप्पांनी आपला बिनरेषांचा अंगठा उठवला, आणि तो तिथं चालला.

बाहेर उन्हं कलली होती. संयोगिता वहिनींच्या गाडीत बसली. बसण्याआधी तिनं पर्समधली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि काही न बोलता काच वर केली. आप्पांना मात्र गाडीत बसायचं नव्हतं. ते पायजमा सावरून विजयसिंहच्या मागं स्कूटरवर बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

स्कूटर निघाली. मग आप्पा म्हणाले, "फुडं उजवीकडं घे."

"घर सरळ आहे आप्पा."

"घर कुटं पळून चाललंय? घे म्हणतोय तर घे."

त्यानं घेतलं. पुढं एका बोळातून डावीकडं घ्यायला लावलं, तिथून परत उजवीकडं. या बाजूला तो कधी आला नव्हता. एका पटांगणाच्या कडेला चिंचेखाली रसवंती होती, लाकडी घाण्याची, बाहेर दोन बाकडी टाकलेली. रसवाल्यानं आप्पांना बघून मान हलवली आणि न विचारता ऊस घाण्यात सारला. विजयसिंहला कोथिंबिरीची ती पेंडी आठवली आणि तो आप्पांकडं बघत राहिला. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

रस आला. बर्फ नाही, आलं बेतानं. दोघं पटांगणाकडं तोंड करून बसले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. एक गाढव उभं होतं आणि तेही काही करत नव्हतं. अर्धा पेला संपला तेव्हा विजयसिंहच्या लक्षात आलं, की आपण पाय लांब केलेत.

खिशात फोन वाजला. संयोगिता होती. "मी घरी पोचले. त्या ठिपक्यावर आता भरवसा नाही, तुम्ही कुठं राहिलात?"

विजयसिंहनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आप्पांनी हात पुढं केला, फोन त्याच्याकडून घेतला आणि कानाला लावला.

"आगं, वाटंतच हाय," ते म्हणाले. "तू घाईनं कुकर लावू नगंस."

फोन बंद करून त्यांनी बाकड्यावर पालथा घातला आणि रसवाल्याला दोन बोटं दाखवली.